एका कणसातले दोन दाणे

नाही हो सिस्टर, पेशंट मी नाही — पेशंट तो, खिडकीजवळचा, चहासाठी भांडतोय तो. माझा धाकटा भाऊ, कडूबा. वाटूरला शेती करतो. काल बांधावर चक्कर येऊन पडला आणि आज म्हणतो, "दादा, मला काय झालंच न्हाई, चल घरी." डॉक्टरसाहेब म्हणतात, ठोके चुकताहेत, कारण सापडत नाही. — बसा ना दोन मिनिटं. मी? मी बियाण्यांचा माणूस. इथंच जालन्यात तीस वर्षं संकरित बाजरी केली, आनुवंशिकीत पीएचडी. शेतकऱ्यांना सांगून सांगून जीभ झिजली — बाबांनो, संकरित पिकाचं बी राखून पुढच्या साली पेरू नका, एका कणसातले दोन दाणे सारखे निघत नाहीत. ऐकायचे का? छे. कडूबा तर बिलकुल नाही. मी हसायचो त्याला.

आता असं समजा — दोन सख्खे भाऊ. एकाला उदासीची गोळी मानवते, झोप येते, भूक लागते. दुसऱ्याच्या यकृतात तीच गोळी मोडणारं एंझाइम जन्मापासूनच मंद असेल तर? गोळी रक्तात साचत जाते, हृदयाची लय बिघडते. दोष माणसाचा नाही, जनुकांचा. मी वाचलं होतं हे, अठ्ठ्याण्णव साली, पेन्सिलीने खूण करून — वेळेवर आठवलं असतं तर काय हवं होतं. अर्थात याचं तसंच झालं असेल असं नाही, मी चुकतही असेन —

कोणते भाऊ? उदाहरण दिलं हो. बरं — उदाहरण नाही. त्याची बायको जयवंताबाई गेली, तेव्हापासून हा जेवेना. म्हटलं, मनाच्या डॉक्टरकडे चल. तर म्हणे, "मी काय येडा हाये का? तू घेतोस त्या गोळ्यांतलीच दे की एखादी, रक्त तर एकच हाये." आणि मी दिली. एखादी नव्हे, आख्खी पट्टी. काल डॉक्टरसाहेबांनी विचारलं, काही औषध चालू होतं का — तो म्हणाला न्हाई, माझ्यावर यायला नको म्हणून. आणि मी, एवढा शिकलेला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

उरलेल्या? त्याच्या बंडीच्या खिशात असतील. आजची घेतली का, हे विचारायचा मला धीरच — अहो, उठलात? त्याला रागावू नका, तो — हो. जा. जल्दी जा. डॉक्टरांना सांगा, मोठ्या भावानं दिल्या.