डॉक्टर देवदत्त, पोस्ट सावरदरा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी बसलेले आपले सरपंच मुंजाजीराव, हिंगोलीहून दोन एसट्या बदलून इथवर आलेले डाक निरीक्षक साहेब, उद्यापासून आपल्या सावरदऱ्याचं पोस्ट सांभाळणार आहेत त्या भावसिंगरावांच्या कन्या दिपाताई, बावीस वर्षं माझ्यासोबत डाक वाटणारे दगडोबा, आणि गावातून, तांड्यावरून वेळात वेळ काढून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार, जय भीम, जय सेवालाल.

सरपंचसाहेब आत्ताच म्हणाले, किशनराव मास्तरांच्या हातून तीस वर्षांत एक पत्र गहाळ झालं नाही. ते बरोबर आहे. पण त्यांना दुसरी बाजू ठाऊक नाही. जी पत्रं कुणी पाठवलीच नव्हती, तीसुद्धा माझ्या हातून लोकांना पोचली आहेत. निरीक्षक साहेब, आपण चहा घ्या. मी आज पाच वाजेपर्यंतच आपल्या हाताखाली आहे, आणि आता साडेचार झालेत.

निरोपाच्या भाषणात माणसानं आपल्या कामाबद्दल बोलावं, अशी रीत आहे. मी मात्र आधी टीव्हीबद्दल बोलणार आहे. आपल्या ग्रामपंचायतीत टीव्ही आला आणि चौऱ्याण्णव साली त्यावर मंगळवारी संध्याकाळी ती मालिका लागू लागली. तिचं खरं नाव लांबलचक होतं. ते गावात कुणी घेतलं नाही. सगळे तिला 'दवाखाना' म्हणत. "आज दवाखाना हाय का?" असं कुणी विचारलं की परगावचा माणूस घाबरायचा, घरात कोण आजारी आहे म्हणून. एका मोठ्या इस्पितळाची ती गोष्ट. त्यात डॉक्टर देवदत्त, मिशीवाला, शांत बोलणारा. पेशंटच्या खाटेवर बसून तो विचारायचा, "काल झोप लागली का?" सरपंचसाहेब, आपल्यापैकी कुणाला कुठल्या डॉक्टरनं असं खाटेवर बसून विचारलं आहे काय?

त्या वेळी माझं घर रिकामं झालं होतं. माझी मंडळी केशरबाई ब्याण्णव साली गेली. रविंद्र पुण्याला नोकरीला लागला. सुरुवातीला त्याची पत्रं यायची, मग गावात फोन आला आणि पत्रं थांबली. फोन किराणा दुकानात यायचा. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी असताना बाप लेकाशी काय बोलणार? "बरं आहे, तू बरा आहेस ना," एवढं झालं की फोन ठेवायचा. आपलं पोस्ट माझ्याच ओसरीत होतं, आजपर्यंत तिथंच आहे. सगळ्या गावाची पत्रं त्या ओसरीत यायची आणि त्यात माझं एकही नसायचं. याचं मला वाईट वाटायचं. आज खरं बोलायचं ठरवलंच आहे, म्हणून हेही सांगतो.

दवाखाना बघायला तांड्यावरून चंदाबाई यायच्या. आपल्या जगनची आई. जगन आणि त्याची बायको दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्यातच परतत. मागं चंदाबाई एकट्या. मंगळवारी त्या पंचायतीसमोर पहिल्या रांगेत बसायच्या, आणि एका बुधवारी सकाळी माझ्या ओसरीवर आल्या.

"मास्तर, कागद लिवायचा हाय."

"कुणाला, जगनला?"

"न्हाई. डॉक्टरला. देवदत्तला."

मी समजावलं, बाई, तो नट आहे, खरा डॉक्टर नाही. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. पण इचारतो तर चांगलं ना? तुमी लिवा." मी लिहिलं. गुडघे दुखून राहिलेत, लेकरू परमुलखात आहे, तुम्ही त्या म्हाताऱ्याला वाचवलं ते बरं केलं. कार्ड मुंबईला दूरदर्शनच्या पत्त्यावर गेलं.

उत्तर कुठून येणार? पण चंदाबाई रोज येऊ लागल्या. साडेदहाच्या एसटीनं डाकेची थैली येते, त्याच्या आधी त्या पायरीवर हजर. "आला का कागद?" आणि दगडोबांनी थैली झटकून म्हणायचं, "न्हाई." असा दीड महिना गेला. मला ते 'न्हाई' ऐकवेना. एका दुपारी मी माझ्या पैशानं एक कार्ड घेतलं आणि लिहिलं, चंदाबाईंना सप्रेम नमस्कार, आपलं पत्र पोचलं, गुडघ्याला शेक द्या, जगन सुखरूप परत येईल, काल झोप लागली का? खाली सही केली, डॉ. देवदत्त.

आता गंमत ऐका. खोटी सही करताना माझा हात अडला नाही. पण शिक्क्याशिवाय टपाल हातात देणं हे नियमात बसत नाही, म्हणून मी त्या कार्डावर शिक्का मारला. आपल्याच पोस्टाचा, सावरदऱ्याचा, तारखेसकट. मुंबईचं पत्र, आणि शिक्का सावरदरा! आणि तोही कसा? माझ्या तपासणीच्या वहीत दर वर्षी निरीक्षक साहेबांचा शेरा आहे, 'शिक्का स्वच्छ व वाचनीय'. चंदाबाईंना तेव्हा अक्षर येत नव्हतं, म्हणून निभावलं.

मग ते चालूच राहिलं. महिन्यातून एकदा त्या सांगायच्या, मी लिहायचो. पंधरा दिवसांनी मीच उत्तर लिहायचो आणि मीच वाचून दाखवायचो. औषधाचं नाव मी कधी लिहिलं नाही, तेवढी अक्कल ठेवली. एकदा त्यांनी सांगितलं, खोकला महिनाभर हटेना. मी तोंडानं म्हटलं, हिंगोलीला जाऊन छाती दाखवा. ऐकलं नाही. तेच डॉक्टर देवदत्तनं कार्डावर लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेल्या. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि बऱ्या झाल्या. त्या दिवसापासून मला माझ्या खोटेपणाचा थोडा अभिमानही वाटू लागला. तो वाटायला नको होता.

आणि अठ्ठ्याण्णव साली डॉक्टर बदलला. कसा बदलला, ते जुन्या लोकांना आठवत असेल. त्या मंगळवारी मालिका सुरू होताना लाईट गेली. पडद्यावर खाली एक ओळ येते म्हणे, आजपासून ही भूमिका अमुक अमुक करतील. ती ओळ अंधारात गेली. लाईट आली तर डॉक्टर देवदत्त बिनमिशीचा, उंच आणि गोरा. दगडोबा ओरडले, "अंधारात हजामत केली काय यानं?" मंडळी चिडली. दोन-चार जण उठून गेले. असा नट नको म्हणून गावातर्फे अर्ज करायचं ठरलं आणि तो अर्ज मीच लिहावा असंही ठरलं. अर्ज लिहायची वेळ आली नाही. चार मंगळवार कुरकुर झाली, पाचव्या मंगळवारी सगळे विसरले. डॉक्टर देवदत्त म्हणजे तोच, जणू पहिल्यापासून तोच होता.

एकट्या चंदाबाई विसरल्या नाहीत. बुधवारी आल्या आणि विचारलं, "मास्तर, तो पयला आता मंगळवारी काय करत असंल?"

खरंच, काय करत असेल? आपल्या खोलीत बसून आपल्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला बघत असेल? लोक त्याला हाक कुठल्या नावानं मारत असतील? सगळा गाव नव्याला नावं ठेवत होता, पण जुन्याची चौकशी करणारी ही एकच बाई. मी त्या रात्री जेवलो नाही. मला कुणाची तरी फार आठवण येत होती आणि ती नक्की कुणाची, ते कळत नव्हतं.

नंतर तर बदलायची सवयच लागली. सिस्टर मार्था दोनदा बदलली. मोठे सर्जन परदेशी गेले ते आलेच नाहीत. दोन हजार दोनला तिसरा देवदत्त आला, चष्मेवाला. चंदाबाईंनी एक गोष्ट मात्र पकडली होती. "मास्तर, ती मागं फरशी पुसती ना, ती बाई पयल्यापासून हाय. तिला काहून बदलत न्हाई?" मी पुढच्या मंगळवारी नीट पाहिलं. खरंच होती. आठ वर्षं ती मागं वाकून फरशी पुसत होती, तिला एक वाक्य नव्हतं. तिला बदललं असतं तरी कळलं कुणाला असतं? मी चंदाबाईंना हसून काहीतरी उत्तर दिलं, पण घरी आल्यावर ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

डॉक्टर बदलले तरी कार्डं चालू होती. तीन तोंडांचा एक डॉक्टर, आणि अक्षर माझं. मधल्या काळात तांड्यावर साक्षरतेचा वर्ग सुरू झाला होता. चंदाबाई तिथं जात. मला कौतुक वाटायचं, मी त्यांना पाटीही दिली होती. आपण कुठल्या फांदीवर बसून काय तोडतो आहोत, हे मला सुचलं नाही. त्या वर्गात पहिला शब्द काय शिकवतात? आपल्या गावाचं नाव.

तिसरा देवदत्त येऊन काही महिने झाले असतील, एका सकाळी त्या आल्या, जुन्या कार्डांची पिशवी घेऊन. मी जाणाऱ्या डाकेवर शिक्के मारत होतो. त्यांनी त्यातलं एक पाकीट उचललं, शिक्क्याच्या गोलावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर म्हटलं. "सा... व... र... द... रा." मग पिशवीतलं डॉक्टरचं कार्ड काढलं. तिथं बोट ठेवलं. पुन्हा तेच म्हटलं. दुसरं कार्ड काढलं. माझ्या हातातला शिक्का तसाच राहिला. त्यांनी कार्डं पिशवीत घातली, "येते मास्तर," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. दिवाळीनंतर जगनसोबत ऊसतोडीच्या अड्ड्यावर गेल्याचं कळलं, सुनेचं बाळंतपण होतं. मंगळवारी पहिल्या रांगेतली त्यांची जागा रिकामी. मी तीनदा माफीचं कार्ड लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. खाली सही कुणाची करायची, हेच ठरेना. बायको गेल्यावर लोक भेटायला येतात, जेवणाचा डबा देतात. हे दुःख मी सांगणार कुणाला? एका म्हातारीला आठ वर्षं फसवलं आणि तिनं मला पकडलं, म्हणून जेवण जात नाही, असं सांगू?

संक्रांतीच्या सुमारास एक दिवस थैली आली. दगडोबांनी डाक लावता लावता एक कार्ड बाजूला काढलं. म्हणाले, "मास्तर, हे कुणाचं हाय? डॉक्टर देवदत्त, पोस्ट सावरदरा. या नावाचा आपल्या गावात कुणी न्हाई. शेरा मारून वापस करू का?"

मी म्हटलं, "दे इकडं. मालक सापडला."

दगडोबा, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि एक शब्द विचारला नाहीत. ते मी विसरलो नाही.

अक्षरं वाकडीतिकडी, एकेक बोटाएवढं. एवढंच होतं, 'डाक्टर तुमची तबेत कशी हाय. काल झोप लागली का.'

मंडळी, मी ओसरीचं दार लावून घेतलं. नियमानं ते कामाच्या वेळेत लावता येत नाही, पण लावलं. दहा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात चंदाबाई परतल्या. नातू कडेवर घेऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, लिवा." त्यांना स्वतःला लिहिता येत होतं तरी! मी लिहिलं, पंधरा दिवसांनी उत्तर दिलं. त्या गोष्टीबद्दल आम्ही दोघं कधी एक अक्षर बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी जगनला तिकडं कारखान्यावर कायमचं काम लागलं, त्या त्याच्याकडे गेल्या. तेव्हापासून महिन्याला एक कार्ड येतं. नाव तेच, डॉक्टर देवदत्त. मालिका अजून चालू आहे, चौथा डॉक्टर आलाय. मी बघतो. आता पंचायतीत माझ्याशिवाय दोघं-तिघंच असतात, बाकी घरोघरी टीव्ही आलेत.

या शनिवारी कार्ड आलं. 'पोस्ट तुमच्या घरातून जानार आसं जगन म्हनला. मंग तुमी सकाळी काय करनार.'

त्याचं उत्तर मी अजून लिहिलेलं नाही. उद्या सकाळी पेटी, तराजू, शिक्का हे सगळं दिपाताईंच्या घरी जाईल. साडेदहाची एसटी येईल आणि थैली माझ्या दारावरून पुढं जाईल. दिपाताई, लोक चार दिवस कुरकुर करतील, जुन्या मास्तरांचं असं होतं, तसं होतं. मनाला लावून घेऊ नका, पाचव्या दिवशी विसरतील. मी चार-चार वर्षांचे डॉक्टर विसरले जाताना पाहिलेत. फक्त एवढं करा, डॉक्टर देवदत्तच्या नावाचं कार्ड आलं तर ते वापस पाठवू नका. तो माणूस गावातच आहे. जुन्या पोस्टाच्या ओसरीवर बसलेला असतो.

आपण सर्वांनी शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, गोड बोललात, मी आपला ऋणी आहे. तीस वर्षांत कुणाचं पत्र उशिरा दिलं असेल, कुणाला काउंटरवरून तिरसट बोललो असेन, तर ते पोटात घाला. निरीक्षक साहेब, आपलीही माफी मागतो. ती मोठी माफी मात्र इथं मागून चालणार नाही, ती जिची आहे तिलाच लिहावी लागेल. म्हणून दिपाताई, उद्या पोस्ट उघडलं की पहिलं कार्ड माझं घ्या. या वेळी त्यावर सही किशन खिल्लारे अशी असेल. शिक्का तेवढा स्वच्छ मारा. ती बाई शिक्का वाचते.