सुट्टीत बोललेलं

डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेल्या शिवणकामवाल्या बाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. करमणुकीला कानच तेवढे उरले होते, आणि शेजारी बाप-लेक होते.

"बाबा, डोळे उघडू नका हं. तर मी एका देशाची राजदूत होते. कॉलेजातली खोटी खोटी परिषद, पण भांडण अगदी खऱ्यासारखं. नदीच्या पाण्यावरून."

"मिटलं का?"

"सभेत कसलं मिटतंय! तिथे शब्दन् शब्द लिहून घेतात, मग माघार कोण घेणार? शेवटी अध्यक्षांनी थोडी सुट्टी दिली. सुट्टीत बोललेलं नोंदीत येत नाही. चहाच्या टेबलापाशी दोन वाक्यांत मिटलं."

"राज्यशास्त्रात हे शिकवतात होय?"

"हेच. बाबा, दादाला फोन लावू?"

"त्याने करावा आधी. घर सोडून तो गेला."

"तो म्हणतो, बाबा 'चालता हो' म्हणाले म्हणून गेलो."



"सुट्टीतलं खरंच कुठे लिहीत नाहीत?"

"कुठ्ठे नाही."

"मग लाव. मला काही आत्ता आकडे दिसत नाहीत."

...

"हां, मीच बोलतोय. नाही रे, बरा आहे, डोळे दाखवायला आलोय. तू... वेळेवर जेवतोस ना?"

तेवढ्यात नर्स आली. "चला बाबा, तुमचा नंबर."

"अहो, त्यांची सुट्टी चालू आहे," शिवणकामवाल्या बाई चाचपडत उठल्या. "मला घ्या आधी."