मागच्या सीटचे पट्टे

[कॅन्ससमधलं एक लहान गाव. शनिवार सकाळ, गॅरेजचं दार सताड उघडं. एकोणचाळीस सालची चार दारांची सेडान जॅकवर उचलून ठेवली आहे. मार्लिस गाडीखाली उताणी झोपली आहे. जोलीन गाडीच्या आत, मागची सीट काढलेल्या जागी गुडघे टेकून बसली आहे. दोघींना एकमेकींचा आवाज तेवढा ऐकू येतो.]

मार्लिस : ते नाही. त्याच्या शेजारचं भोक. खडूची फुली आहे बघ.

जोलीन : हां, दिसली. सोडू बोल्ट?

मार्लिस : हळू सोड. खाली माझं तोंड आहे.

जोलीन : घ्या. आला?

मार्लिस : आला. आता मी खालून पट्टी आणि नट लावते. तू बोल्टचं डोकं पान्यात धरून ठेवायचं, फिरू द्यायचं नाही. एवढंच काम.

जोलीन : ही लोखंडी पट्टी कशाला? नुसता नट पुरत नाही का?

मार्लिस : नुसता नट झटक्यासरशी पत्रा फाडून वर येतो. मग पट्टा, नट आणि पोर, सगळे मिळून समोरच्या काचेतून बाहेर. पट्टी तळहाताएवढी असली की पत्रा धरून राहतो.

जोलीन : वेंडेल स्वतःच बसवणार होता, खरंच. मार्चमध्येच पट्टे आणून ठेवलेत त्याने.

मार्लिस : आणून ठेवण्यात वेंडेलचा हात कोणी धरू शकणार नाही. आमचं लग्न झालं तेव्हा स्वयंपाकघरासाठी फरश्या आणून ठेवल्या होत्या. घटस्फोटाच्या कागदांवर सही केली तेव्हा खोकी तिथेच होती.

जोलीन : अजून आहेत.

मार्लिस : असणारच. धर नीट.

जोलीन : धरलंय. एक विचारू का? तुम्ही वाकून न बघता फुल्या कशा मारल्यात? खाली कुठे काय आहे ते कसं कळलं?

मार्लिस : हा तळ माझा आहे म्हणून. ही गाडी एका शेताच्या बांधाला पडली होती. तळ गंजून गेलेला, आणि ड्रायव्हरच्या पायाशी मनगटाएवढं झाड उगवलेलं. वेंडेलने झाड कापलं. नवा पत्रा वाकवला, बसवला, वेल्ड केला तो मी. सहा शनिवार. मी कापणीची कंबाइन यंत्रं दुरुस्त करते ना कारखान्यात, मला त्यात नवल नव्हतं.

जोलीन : मला हे कोणी सांगितलं नाही.

मार्लिस : कोण सांगणार? प्रदर्शनात लोक रंग बघतात. तळाखाली कोण वाकतंय.

जोलीन : रंग मात्र सुरेख झालाय.

मार्लिस : झालाय. पिकलेल्या आलुबुखारासारखा. रंगाला मी नाव ठेवत नाही. पण अकरा वर्षं ही गाडी इथून हलली नाही. एंजिन आणू, मग बघू. ब्रेक आणू, मग बघू. आणि मी गेल्यावर दोन वर्षांत रस्त्यावर. थंड हवा काय, गाणी काय. लोक मला दुकानात गाठून सांगायचे, वेंडेलची गाडी बघितलीस का म्हणून.

जोलीन : तुम्ही गेल्यावर त्याला संध्याकाळी घरात बसवत नव्हतं, म्हणून झाली ती. मी आले तेव्हा तो इथेच जेवायचा, त्या बाकावर. मी आले म्हणून नाही झाली.

मार्लिस : हं. नट आवळतेय. धर... अगं, फिरतोय बोल्ट.

जोलीन : सॉरी. परत धरते.

मार्लिस : परत फिरला. पाना पूर्ण बसवलायस का?

जोलीन : बसवलाय.

मार्लिस : मग जोर लाव की. दाताच्या दवाखान्यात पेन धरतेस तसा धरू नकोस.

जोलीन : लावतेय. डाव्या हाताने धरलाय ना, म्हणून सुटतोय.

मार्लिस : डावरी आहेस?

जोलीन : नाही.

मार्लिस : मग उजव्याला काय झालं?

जोलीन : काही नाही. झोपेत अवघडलाय खांदा.

मार्लिस : कधीपासून?

जोलीन : आठवडा होईल उद्या.

मार्लिस : उद्या रविवार. म्हणजे मागच्या रविवारी.

जोलीन : हो.

मार्लिस : पाना ठेव जरा खाली. मी आज का आले ते तुला माहीत आहे?

जोलीन : पट्टे बसवायला. वेंडेल म्हणाला, मार्लिसने सांगितलंय, पट्ट्यांशिवाय मुली गाडीत बसणार नाहीत.

मार्लिस : ते अर्धं. वेंडेलने मला फोनवर सांगितलं की वळणावर मागचं दार जरासं उघडलं. जरासं. मग मी ओपलची वेणी घालायला बसले, तर कानामागे केसांचा पुंजका गेलेला. विचारलं तर म्हणाली, जोलीनने ओढले. थोरली ब्रिन म्हणाली, हो, आणि ओरडली पण. सोमवारी मी वकिलाला फोन केला. मुलींना इथे पाठवणं बंद करायचं म्हणून येत्या गुरुवारची वेळ घेतली आहे.

जोलीन : ओढले मी. खरं आहे ते.

मार्लिस : सहा वर्षांच्या पोरीचे केस कशासाठी ओढलेस?

जोलीन : आधी फ्रॉक हाताला लागला नाही म्हणून.

मार्लिस : नीट सांग.

जोलीन : धान्याच्या कोठारांपाशी वळण आहे ना, तिथे. मी पुढे बसले होते, ओपलला रसाची बाटली द्यायला मागे वळले. ती दाराला टेकून पेंगत होती. मागची दारं उलटी उघडतात, तुम्हाला माहीतच आहे, बिजागरं मागच्या बाजूला. खटका सुटला आणि वाऱ्याने दार सपकन मागे गेलं. ती बाहेर कलंडली. मी सीटच्या पाठीवरून झेप टाकली, हाताला केस आले, केस धरले. मग कॉलर सापडली.

मार्लिस : वेंडेलने गाडी थांबवली नाही?

जोलीन : मागे अगदी जवळ ट्रक होता. लगेच थांबवता येईना. कडेला घेईपर्यंत पाव मैल गेला असेल. तोवर मी तशीच, अर्धी पुढे, अर्धी मागे. खांद्यात कट्ट झालं तेव्हाच. ओरडले ते ब्रिनवर. ती ओपलला धरायला पटकन सरकली. तीही गेली असती.

[गाडीखाली पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज.]

जोलीन : मार्लिस? आहात ना?

मार्लिस : जाणार कुठे? अंगावर गाडी आहे. वेंडेलला माहीत आहे हे?

जोलीन : दार उघडलं ते माहीत आहे. तो रस्त्याकडे बघत होता, आणि त्याने मान वळवली तेव्हा ओपल माझ्या मांडीवर होती. खांद्याचं नाही सांगितलं मी. कलंडली होती तेही नाही.

मार्लिस : का?

जोलीन : तो गाडी विकून टाकेल. ऐकणारच नाही कोणाचं. आणि... ब्रिन वर्षभर माझ्याशी बोलली नाही, तुम्हाला माहीत असेल. जेवणाच्या टेबलावर मीठसुद्धा बापाकडून मागायची. या गाडीत बोलते. मी पुढे, ती माझ्या पाठीमागे. मला तिचं तोंड दिसत नाही, मग ती बोलते. शाळेतलं, मैत्रिणींचं. मागच्या महिन्यात तुमच्याबद्दल बोलली.

मार्लिस : काय म्हणाली?

जोलीन : म्हणाली, आई दमून येते आणि बूट न काढताच झोपते, मग मी काढते.

मार्लिस : हं.

वेंडेल : कसं चाललंय बायांनो? कोबी-खिम्याचे बन आणलेत बेकरीतून, गरम आहेत. मुली माझ्या आईकडे खेळतायत. झाले का सगळे?

मार्लिस : सहातला एक, दुसरा अर्धा. वेंडेल, दारांचे खटके?

वेंडेल : बुधवारी नवे बसवले. प्रत्येक दाराला दोन-दोन, आणि आतून कडी वेगळी. तू म्हणालीस तसंच.

मार्लिस : मी ओढून बघणार आहे.

वेंडेल : बघ ना. लोंबकळून बघ.

मार्लिस : जोलीनला आज डॉक्टरकडे ने.

वेंडेल : का, काय झालं?

जोलीन : काही नाही रे, झोपेत खांदा...

मार्लिस : झोपेत नाही. तुझी पोर दाराबाहेर गेली होती आणि हिने एका हाताने आत ओढून घेतली. आठवडाभर खांदा सुजवून बसली आहे. तुझ्या घरात बसली आहे, वेंडेल.

वेंडेल : बाहेर... जोलीन, तू म्हणालीस घाबरून मांडीवर घेतलं.

जोलीन : घाबरलेच होते.

वेंडेल : मला कळायला हवं होतं. डाव्या हाताने कॉफी ओतत होतीस, मी बघत होतो. विकून टाकतो मी ही गाडी. आत्ताच्या आत्ता. डिल्बर्ट कधीचा मागतोय.

मार्लिस : विकू नकोस.

वेंडेल : तू म्हणतेस हे? गुरुवारचं मला ठाऊक आहे, तुझ्या वकिलाचं पत्र आलंय.

मार्लिस : गुरुवारचं मी बघते. खटक्याची चूक खटक्याने दुरुस्त होते. तू ती वेळेवर केली नाहीस, हे मात्र मी विसरणार नाही आणि तूही विसरू नकोस. बन तिथे ठेव, इथे ये आणि पाना धर. तिच्या हाताला विश्रांती दे.

जोलीन : मी धरते, तो काय...

मार्लिस : तू बाहेर ये, बाकावर बस, खा. वेंडेल, गुडघे टेक. खडूच्या फुल्या दिसतात का?

वेंडेल : दिसतात. किती वर्षांनी दिसतेय तुझी फुली.

मार्लिस : बोलू नकोस, धर.

वेंडेल : धरलं.

मार्लिस : दुसरा झाला. तिसरा. चौथा. याला फिरवू नकोस. पाचवा... हां. सहावा झाला की पट्टे धरून वर ओढ, सगळ्या ताकदीने.

वेंडेल : ओढतोय. हलत नाही. तळ जागचा हलत नाही, मार्लिस.

मार्लिस : मला सांगू नकोस, तिला सांग.

जोलीन : ऐकलं मी. तुम्ही बाहेर येता का? तुमचा बन निवतोय.

मार्लिस : आले. अहो-जाहो पुरे झालं आता. सकाळभर पाठीला ग्रीस लावून पडलेल्या बाईला कोणी अहो म्हणत नाही.

जोलीन : बरं. हा घे.

मार्लिस : वेंडेल, सीट परत आत बसव. जोलीन, ऐक. ओपल दहा मिनिटांत झोपते गाडीत, आणि मान उजवीकडे टाकते. तिला डाव्या दाराशी बसव, म्हणजे दारावर जाणार नाही. ब्रिनला वळणांवर मळमळतं, सांगत मात्र नाही. गप्प झाली की काच खाली कर.

जोलीन : म्हणजे उद्या जुन्या गाड्यांच्या फेरीला मुलींना जाऊ देणार आहेस?

मार्लिस : सगळ्या गाड्या किती वाजता निघतात?

वेंडेल : नऊला, कोर्टाच्या चौकातून. तळ्यापर्यंत जायचं, तिथे जेवण, चारला परत. चाळीसच्या वर गाड्या आहेत यंदा.

मार्लिस : मुलींना साडेआठला सोडते.

जोलीन : तूही चल ना. पुढची सीट रिकामीच आहे, मी मागे बसणार आहे. दोघींच्या मधे.

वेंडेल : आणि मी पुढे एकटा? शोफरसारखा?

मार्लिस : टोपी घाल. मला नाही जमायचं, जोलीन, उद्या नाही. पण तू मधे बसणार, नक्की?

जोलीन : नक्की.

मार्लिस : मग आत जाऊन बस एकदा. मधला पट्टा मी लहान पोराच्या मापाचा ठेवलाय, तुझ्या मापाचा करते.