काचेतली वही

जुन्या स्टेशनच्या मालधक्क्यावर आता कॅफे आहे, इंजिनापुढे लोक फोटो काढतात आणि सिग्नलच्या केबिनमध्ये संग्रहालय आहे. तिथल्या रांगेत एका शिक्षिकाबाईंपुढे निवृत्त केबिनमन आणि त्याची बायको उभी होती. बाईंनी कान टवकारले.

“अगं, आत नको. काचेत सिग्नलचे दिवे तपासल्याची वही ठेवलीय म्हणे.”

“एवढ्या जाड वहीत तुमचंच पान उघडायला तुम्ही काय लाटसाहेब?”

“गाडी घसरली त्याच दिवसाचं असणार. लोकांना तेच बघायचं असतं.”

“मालाचे दोन डबे कलंडले, माणूस नाही मेलं. भित्री भागूबाई कुठले!”

“दिवा विझलेला होता. आणि वहीत ‘तपासला’ म्हणून माझी सही.”

“हळू बोला! मागे माणसं आहेत.”

बाई लगेच ढग मोजू लागल्या.

“जुने कर्मचारी ना, आजोबा?” दारावरच्या मुलीने कार्ड पुढे केलं. “इथे सही करा. वहीतल्या तुमच्या सहीशेजारीच लावणार आहोत.”

केबिनमनने पेन घेतलं आणि बायकोपुढे धरलं.

“तूच कर बाई. त्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो, वहीतली सही तूच केली होतीस. माझी जुळायची नाही.”

“अहो,” बायको म्हणाली, “घरी चला.”