शेंदराखालची गळती

मंडळी, आज एकच प्रश्न. सोपा आहे. उत्तर येणार नाही, ती गोष्ट वेगळी! एखादी वस्तू भक्तीने जपणं आणि भीतीने झाकून ठेवणं, यातला फरक ओळखायचा कसा? हळद-कुंकू दोन्हीकडे तेच. डोळे दोन्हीकडे मिटलेलेच!

नाही ना येत? मग चला माझ्याबरोबर रेवळीच्या बंदरावर. चपला हातात घ्या, वाळू ओली आहे.

तिथे राहतो जोमा नाखवा. बापाच्या मागे ‘जानकी’ होडी तोच चालवतो. सोबत धाकटा भाऊ धोंडू. आणि घरात, दोघांच्याही वर, त्यांची आई भिवराबाई!

आता होडीचं एक गुपित सांगतो. होडीच्या तळाशी, मागच्या अंगाला, एक भोक असतं. हसू नका! मुद्दाम पाडलेलं असतं. जिने पाणी बाहेर ठेवायचं, तिलाच माणूस आपल्या हाताने भोक पाडतो! कशाला? होडी किनाऱ्यावर ओढली की आत साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून. त्या भोकात पितळी कडी बसवतात, कडीत बूच. दर्यात निघताना बूच घट्ट दाबायचं — झालं! केवढा हा विश्वास! खाली काळा-निळा अथांग दर्या, ज्याचा तळ कुणी पाहिला नाही... आणि वर जोमा निवांत भाकरी खातोय. मधे काय? अंगठ्याएवढं बूच!

तर ‘जानकी’च्या त्या कडीला भिवराबाई दर नारळी पौर्णिमेला बाहेरून तेलात कालवलेला शेंदूर लावायची. वर्षामागून वर्षं, थरावर थर. कडी दिसेनाशी झाली, देव दिसू लागला! येणारे-जाणारे वाकून हात लावायचे. एका मावशीने तर कडीला नवस बोलला — आणि तो फळला! आता बोला!

पण गेल्या हंगामात देवाच्या पायाशी पाणी यायला लागलं. थेंब थेंब. जोमाने बूच बदललं. बुचाला फडकं गुंडाळलं. बुचाला शिव्या दिल्या! पाणी येतच राहिलं. जोमा सुकाणूवर, धोंडू पाणी उपसतोय, असा हंगाम निघाला. शेवटी एके दिवशी परतताना वारा उलटला, पाणी घोट्यावर चढलं, आणि दोघा भावांनी पकडलेली मासळी आपल्या हातांनी परत दर्यात लोटली, तेव्हा कुठे होडी किनाऱ्याला लागली.

धोंडू वाळूत उतरला तो म्हणाला, “दादूस, पुन्हा मी या होडीत पाय ठेवनार नाय.”

“अरं, बूच नवं आनलंय!”

“पानी बुचातून येतंय कुठं? बुचाच्या भवतीनं येतंय. कडीच्या खालून. शेंदूर काढ, कडी काढ, नव्यानं बसव.”

“आयेला कोन सांगनार?”

“नाखवा कोन? तू!”

मंडळी, जोमा काय भित्रा होता? भर वादळात शीड उतरवणारा गडी! पण आईला सांगायचं म्हटल्यावर... अंगात कणकण आली! मुद्दा हसण्याचा नव्हता. ती कडी बापाने स्वतः बसवलेली. बाप गेला, कडी राहिली. तिला सुताराची पटाशी लावायची म्हणजे बापाला लावायची. आणि नाही लावायची, तर भाऊ गमवायचा — एकतर किनाऱ्यावर, नाहीतर दर्यात.

मासेमारीची पावसाळी बंदी संपत आली. पौर्णिमा उद्यावर. जोमा होडीखाली उकिडवा, हातात पटाशी, आणि हात काही हलेना! तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. भिवराबाई. हातात शेंदराची वाटी.

“काय करतंस रं?”

“रंग बघतोय, आये.”

“पटाशीनं?”

जोमाने मान खाली घातली. “पानी येतंय, आये. हितनंच. धोंडू चढत नाय.”

म्हातारी हळूच खाली बसली.

“तुला ठावं हाय, पयला शेंदूर मी कशाला लावला?”

“देव म्हनून.”

“डोंबल! तुझ्या बापसानं कडी बसवली, तवाच बाजूनं पानी झिरपलं. दुसऱ्या दिशी पौर्णिमा. वाजंत्री आलेली, मानसं होडीला हात लावून उभी. मना म्हनाला, ‘लाव गो काय तरी चिकट, उद्या बघतो.’ माझ्या हातात पूजेचं ताट. शेंदूर होता, शेंदूर लावला!”

“मग?”

“मग काय! तो उद्या अजून यायचाय.”

ऐकलंत? ज्याला गाव नमस्कार करत होतं, ते ठिगळ होतं!

जोमा म्हणाला, “पन आये, आता कडी उखडली तर लाकूड सुकाया टाईम लागंल. उद्याचा नारळ चुकंल.”

“तुझा बापूस पन हेच बोलला हुता,” म्हातारी म्हणाली. आणि पटाशी तिने स्वतःच्या हातात घेतली!

थर निघू लागले. लाल, त्याखाली केशरी, त्याखाली काळपट. प्रत्येक थर म्हणजे एकेका वर्षाचं ‘उद्या बघू’. तळाला पितळ चमकलं, आणि कडेला दिसली फट. किती मोठी? डोक्यावरच्या केसाएवढी! जोमा बघतच राहिला. एवढ्याशा वाटेने एवढा मोठा दर्या आत येत होता. रागाने नाही, वैराने नाही. वाट होती, म्हणून!

भिवराबाईने निघालेला शेंदूर केळीच्या पानात घेतला, हात जोडले, म्हणाली, “देव पन अंगावरचं कवच टाकतो. जड होतं त्याला.” आणि पान पाण्यात सोडलं.

पौर्णिमेला अख्खं बंदर सजलं. सगळ्या होड्या वाजतगाजत निघाल्या. ‘जानकी’ ताडपत्रीखाली! वरून श्रावणसरी, आत म्हातारी शेगडी घेऊन लाकूड शेकवत बसलेली. लोक विचारायचे, “काय नाखवा, बाळंतीण हाय काय आत?” जोमा हसायचा. लाकडातलं तेल पुसून काढत होता, कारण तेलावर काही चिकटत नाही, मंडळी. तेलकट बोलण्यावरही नाही! लाकूड खडखडीत सुकलं, तेव्हा कडीखाली फट बुजवायचा नवा चिकट मसाला भरला, स्क्रूच्या भोकांतही भरला, स्क्रूंना आलटून-पालटून थोडाथोडा पीळ दिला. आणि मसाला पुरता धरेपर्यंत थांबला. सगळ्यात अवघड काम ते!

मग एका साध्या सकाळी, ना वाजंत्री ना गर्दी, होडी पाण्यात गेली. भिवराबाईने शेंदराचं बोट लावलं, पण होडीच्या नाकाला. कडीला नाही. धोंडू वाळूवरच, हाताची घडी घालून उभा.

जोमा आत पालथा झोपला. तळहात आतून कडीवर ठेवला. खाली दर्या हलत होता. हाताला कळत होतं त्याचं वजन, त्याचा गारवा, त्याचा श्वास. अख्खा दर्या एका तळहाताखाली! त्याने हात उचलला. उलटा करून पाहिला.

“दादूस, काय?” धोंडू ओरडला.

जोमाने नुसता हात वर केला. कोरडा हात, उन्हात.

धोंडू पाण्यात शिरला, आणि होडीत चढला.

मंडळी, घरी गेल्यावर देवघर तपासू नका. देव ठीक आहेत! बघा ती जागा, जिथे घरात कुणी हात लावू देत नाही, जिचा विषय निघाला की सगळे चहा करायला उठतात. तिथे भक्ती आहे की ठिगळ? खरवडल्याशिवाय कळायचं नाही. आणि पौर्णिमा चुकेल म्हणून घाबरू नका. पौर्णिमा परत येते. बुडालेला भाऊ येत नाही.

घ्या टाळ हातात. पण जरा हळू वाजवा... इथे कुणाच्या तरी तळाशी पाणी झिरपतंय, त्याचं त्याला ऐकू आलं पाहिजे!