राखून ठेवलेलं दालन

आई : बसा म्हटलं ना! मघापासून चित्रातल्या त्या राणीच्या बाहीपुढे उभे आहात. ती काही ट्रायलला यायची नाही.

बाबा : डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे.

आई : तिचा हात लांब असेल.

बाबा : हात नाही. खांदा बघ ना, खांदाच उतरवलाय. काढणाऱ्याची चूक, नाहीतर शिवणाऱ्याची.

आई : मरून माती झाली तिची केव्हाच. आता कोण तक्रार घेऊन येणार आहे? बसा. पाय भरून आले की मग मलाच चोळायला लावाल.

बाबा : किती वाजले?

आई : सारखं विचारून घड्याळ थांबणार आहे का? येईल सूनबाई. डॉक्टरांना भेटून सरळ इथेच येते म्हणाली.

बाबा : भेटायचं काय राहिलंय? मी सकाळीच सांगितलं. नाही म्हणजे नाही.

आई : सांगितलंत कुठे? डॉक्टर बोलत होते आणि तुम्ही त्यांच्या कोटाचं बटण बघत होतात.

बाबा : सुटत आलं होतं.

आई : अहो...

बाबा : एका दोऱ्यावर लोंबत होतं. स्वतःचं बटण सांभाळता येत नाही आणि माझ्या मुलाचं मशीन बंद करा म्हणतो.

आई : बंद करा नाही म्हणाले ते. मेंदू गेलाय, श्वास मशीनचा आहे, परत यायची वाट नाही, असं म्हणाले. संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून काय ते सांगा म्हणाले. किती हळू बोलत होते. त्यांनाही जड जात होतं.

बाबा : मंगळवारी बोट हललं त्याचं.

आई : बोट तुम्ही धरलं होतं. तुमचा हात थरथरत होता.

बाबा : जन्मभर सुईत दोरा ओवला. माझा हात थरथरत नाही.

आई : आता थरथरतो. धरा इकडे. बघा.

बाबा : सोड. लोक बघतात.

आई : लोक राणीला बघायला आलेत, आपल्याला नाही. बरं, ऐका. आज ते शेवटचं दालन बघू या.

बाबा : नाही.

आई : एवढे महिने काढले या शहरात. भाड्याच्या त्या खोलीत भिंती अंगावर येतात म्हणून रोज इथे येऊन बसतो. या संग्रहालयातला एकेक राजा मला नावानिशी ओळखायला लागला. फक्त त्या कोपऱ्यातल्या दारापाशी आलो की तुम्ही मागे फिरता.

बाबा : ते त्याच्यासाठी ठेवलंय. तो उठला की त्याला घेऊन जायचं. ठरलंय आपलं.

आई : आपलं नाही, तुमचं ठरलंय. मी फक्त मान हलवली होती. तुम्हाला तेवढाच आधार, म्हणून.

बाबा : सगळं बघून झालं तर मग राहिलं काय? काहीतरी राहिलेलं असलं की माणूस त्यासाठी येतो.

आई : देवा! ही आली बघा. ये पोरी, बस इथे. तोंड किती उतरलंय तुझं. काही खाल्लंस का?

सून : हो, आई.

आई : खोटं बोलू नकोस. खाल्लेलं तोंड मला कळतं.

सून : चहा घेतला. दारावरच्या काकांनी मला अडवलं. म्हणाले, तुमचे सासरे आज फार उदास दिसतात, पेशंट कसा आहे?

आई : बघा, त्या बिचाऱ्याच्या अजून लक्षात आहे! पहिल्या दिवशी काय अवतार होता आपला. गाडीतून उतरलो, समोर ही मोठी इमारत, पायऱ्या, बाहेर रांग. हे म्हणाले हाच दवाखाना. रांगेत उभे राहिले, तिकिटं काढली, आणि त्या काकांना विचारतात, अपघाताचे पेशंट कुठल्या मजल्यावर?

सून : आणि आत येऊन त्या पांढऱ्या पुतळ्यांसमोर बसलात.

आई : वर मला म्हणतात कसे, दवाखाना चांगला दिसतोय, किती शांतता आहे! म्हटलं, अहो, या बाईला हातच नाहीत. तर म्हणे, तपासायला आत ठेवले असतील.

बाबा : डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दिवशी.

आई : कुणाचं होतं? आता आठवलं की हसू येतं. तेव्हा वाटलं होतं, चार-आठ दिवसांत पट्टी बांधून घरी नेऊ.

सून : बाबा, डॉक्टर थांबलेत.

बाबा : थांबू देत.

सून : आज पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या त्यांनी. मी समोर उभी होते. डोळ्यांत उजेड टाकला, काही नाही. मशीन क्षणभर काढून बघितलं. मी मनात म्हणत होते, घे रे, एक श्वास घे, एकच घे. नाही घेतला त्यानं.

आई : ये, इकडे ये माझ्याजवळ.

सून : मी त्यांना सांगितलंय, बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तुमच्या मनाविरुद्ध करून मला पुढे जगता येणार नाही.

बाबा : मग माझं "नाही" आहे. विषय संपला.

आई : संपला कसा? त्या पोरीची हालत बघा. जीव किती दिवस टांगणीला लावायचा तिचा? आणि त्याचा? सुयाच सुया टोचल्यात अंगाला. परवा मी त्याची पाठ पुसली, तर कातडी सोलून निघाली. मी आई आहे त्याची. मला नाही बघवत आता.

बाबा : तू हातपाय गाळलेस. हिलाही घाई झालीय. तरुण आहे, पुढचं सगळं आयुष्य...

आई : जीभ आवरा! काय बोलताय? तुमच्या तोंडी शोभतं हे?

सून : बोलू द्या त्यांना, आई.

आई : मुळीच नाही! रोज त्याच्या उशाशी ती बसते. आपण इथे चित्रं बघत फिरतो आणि ती त्याची नखं कापते. हिला म्हणता घाई?

बाबा : ...चुकलं माझं. पोरी, चुकलं. जिभेला हाड नसतं.

सून : बाबा, एक सांगू? तुम्ही ज्या दालनात जात नाही ना, ते त्यानं बघितलंय.

बाबा : काय?

सून : माझ्यासोबत. आम्ही या शहरात नवीन आलो होतो तेव्हा. घर लागलं नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. सुट्टी असली की इथे यायचो. त्यानं सगळं बघितलंय, शेवटपर्यंत.

बाबा : मग मला सांगितलं का नाहीस?

सून : तुम्ही म्हणालात, त्याच्यासाठी राखून ठेवू. इतक्या मनापासून म्हणालात की माझी जीभच उचलली नाही. आणि खरं सांगू? मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तोही यायचा राहिलाय, असं.

बाबा : तिथे आहे काय?

सून : एक चित्र आहे. अर्धवट. त्याच्यापुढून तो हलेचना. म्हणाला, हे बाबांना दाखवायला हवं. तुम्हाला घेऊन येणार होता तो.

बाबा : मला?

सून : हो. पण तुम्ही दुकान सोडून यायचात कधी?

आई : उठा. आता तरी उठा. तो नेणार होता, आपण आपले जाऊ. माझा हात धरा.

(तिघं कोपऱ्यातल्या दारातून शेवटच्या दालनात जातात.)

सून : हे बघा.

आई : अगं बाई! तोंड किती गोड आहे याचं. आत्ता बोलेल असं वाटतं. आणि खाली हे काय, नुसत्या रेघा?

सून : चेहरा पुरा झालाय, हात पुरे झालेत. कोट फक्त आखलाय. खाली लिहिलंय, "चित्रकाराचा धाकटा भाऊ. अपूर्ण." बाकी काही नाही.

बाबा : चष्मा दे.

आई : तुमच्याच नाकावर आहे.

बाबा : ...खडूच्या रेघा आहेत. आम्ही कापडावर मारतो तशाच. खांदा बरोबर आलाय याचा. कॉलर कशी येणार तेही दिसतंय. नुसतं बेतायचं बाकी होतं.

सून : तो काय म्हणाला सांगू? म्हणाला, बाबा इथे असते तर तासभर बघत राहिले असते, आणि मग म्हणाले असते, द्या इकडे, मी पुरा करतो.

बाबा : असं म्हणाला?

सून : तुमचा आवाज काढून म्हणाला. आणि इतक्या मोठ्यानं हसला की दालनातल्या बाईंनी आम्हाला गप्प केलं.

बाबा : माझा आवाज काढायचा?

आई : लहानपणापासून. तुमच्या पाठीमागे. गिऱ्हाइकं हसायची ती त्यालाच, तुम्हाला वाटायचं तुम्हीच मोठे विनोदी.

बाबा : अगं...

आई : रडा. काही लाज नाही. इथे सगळे आपले ओळखीचे आहेत.

बाबा : मला वाटलं, काहीतरी बघायचं राहिलं की तो अडकेल. त्या एवढ्याशा गोष्टीला धरून राहील. आणि त्याचं तर बघून झालं होतं. काहीच राहिलं नव्हतं त्याचं. मीच एकटा दार धरून उभा होतो.

आई : हो.

बाबा : अगं, आपला मुलगा गेला.

आई : गेला हो. गाडीवरून पडला तेव्हाच गेला. आपण मागून आलो.

बाबा : तू बोलली नाहीस.

आई : रोज बोलत होते. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग मलाच वाटायचं, राहू दे, एकानं तरी आशा धरू दे. दोघांनी सोडली तर त्याला कोण?

सून : बाबा, मी काय सांगू डॉक्टरांना?

बाबा : सांग त्यांना... त्याला घालायचं काय आहे?

सून : मी त्याचा निळा शर्ट काढून ठेवलाय. मागच्या वर्षी घेतलेला.

बाबा : विकतचा?

सून : हो.

बाबा : माझ्या मुलाला विकतचा नको. अजून कधी घातला... बरं, घातला असेल इथे. पण आत्ता नको. मी शिवतो.

आई : मशीन कुठे आहे इथे?

बाबा : मशीन लागत नाही. हातानं शिवीन. पांढरं सुती कापड बघू कुठेतरी, मऊ. डॉक्टरांना सांग, शर्ट होईपर्यंत थांबा म्हणावं. मग माझं हो आहे.

सून : कधी होईल म्हणून सांगू?

बाबा : उद्या दुपारपर्यंत.

आई : मी ओळखते तुम्हाला. टाका घालाल, उसवाल, पुन्हा घालाल. आठवडा लावाल.

बाबा : गिऱ्हाइकाला दिलेली तारीख मी कधी चुकवली?

आई : नाही चुकवलीत.

बाबा : मग? ही तर घरची तारीख आहे.

सून : मी त्याचा दुसरा शर्ट आणून देऊ का, मापाला?

बाबा : जुनं माप चालायचं नाही. उतरलाय तो फार. खांदे आत गेलेत. पुन्हा घ्यावं लागेल, त्याच्याजवळ बसून. टेप आहे माझ्या खिशात.

सून : चला मग. आता भेटायला सोडतील.

आई : आणि हे बघा, तुमची ती खोड आहे ना, पोरगं शाळेत जायला लागल्यापासूनची. सगळं आपलं वाढत्या अंगाचं. लग्नातला कोटसुद्धा असा शिवलात की त्यात नवरा-नवरी दोघं मावली असती. मी तेव्हा म्हटलं, अहो, तिशी आली त्याची, आता कुठे वाढणार आहे तो? तर म्हणालात, असू दे, आत कापड असू दे.

बाबा : हो.

आई : मग आता कसा शिवणार?

बाबा : आता अंगाबरोबर शिवतो.