कपाळावरचा अंगारा

पौडच्या थांब्यावर एस्टीची वाट बघत बसलेल्या गोजराबाईचे कान शेजारच्या दोघी ख्रिस्ती नणंद-भावजयींकडं लागले होते.

“वन्सं, जुनं पाद्री म्हनायचं, शेवटपत्तुर टिकंल त्योच तरंल.”

“नवं म्हंत्यात, देवानं धरल्याला हात सुटत न्हाई.”

“मग खरं कुनाचं?”

“ह्यो वाद शेकडो वर्सांचा हाय म्हनं. पर वैनी, दादा तर प्रार्थना करीतच गेला की!”

“आदल्या दिशी ते बेसुद व्हते. तवा म्या भगताचा अंगारा लावला त्यांच्या कपाळाला.”

“अगं बया! मग देवाच्या हातातनं सुटला कोन? दादा का तुमी?”

“त्येच कळंना.”

“लगेच पुसायचा न्हाई व्हय?”

“पुसायलाच हात नेला, वन्सं. तर त्यांनी डोळं उघडलं आन् माजा हात धरला.”

एस्टी आली. गोजराबाईसुद्धा उठली नाही.